पामीरसाठी मोटरसायकलचा सोबती: चार जण तयार आहेत, नक्की कुणाला हो म्हणू?

उशिरा_सुटलेला

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलो. पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बेत असा आहे: किर्गिझस्तानातल्या ओशहून सुरुवात. सारी-ताश, किझिल-आर्त खिंड, मग ताजिकिस्तानात काराकुल, मुरगाब, खोरोग, दुशान्बे, म्हणजे पामीरच्या डोंगरांतून जाणारा एम-४१ हा पामीर हायवे. पुढे समरकंद, बुखारा, तिथून वाळवंट ओलांडून कझाकस्तानात अक्ताऊ, मग कास्पियनवरची फेरीबोट, बाकू, आणि शेवट जॉर्जियात तिब्लिसी. सात आठवडे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं. गाडी ४०० सीसीची, एका सिलिंडरची, टाकी १५ लिटरची. ओशपर्यंत गाडी पोचवायची सोय झाली आहे. माझं वय ४७. रस्त्यावर भरपूर चालवली आहे, खडीवर बरी, वाळूत वाईट.

मुळात आम्ही चौघे जाणार होतो. ग्रुप काढला, रोज हेल्मेटचे आणि पॅनिअरचे (गाडीच्या बाजूंना लावायच्या सामानपेट्यांचे) फोटो पडायचे. व्हिसाचे अर्ज भरायची वेळ आली तशी ग्रुपवर शांतता पसरली. एकाला रजा नाही, एकाच्या घरून नाही, तिसरा अजूनही "बघू" म्हणतोय. बघू म्हणणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मी सोबती हवा असं दोन-तीन ठिकाणी लिहिलं. उत्तरं आली ती अशी:

पहिला, १२०० सीसीवाला. तीन खंड पालथे घातलेत. "रोज ५०० किलोमीटर आरामात होतात" म्हणतो.

दुसरा २६ वर्षांचा. गाडी माझ्यासारखीच. व्हिडिओ करायचे आहेत. डांबर सोडून कुठे चालवलेली नाही हे त्याने स्वतःहून सांगितलं.

मग एक जोडपं आहे, एकाच गाडीवर दोघं. स्वभावाने फार गोड. पण सातही आठवड्यांची मुक्कामाची ठिकाणं आत्ताच तारखेसह ठरवून बसलेत.

चौथे ६१ वर्षांचे गृहस्थ. जुनी कार्ब्युरेटरची गाडी, सगळी कामं स्वतः करतात. बोलतात कमी. माझ्या पानभर मेलला दोन ओळींचं उत्तर येतं.

एकट्याने जायचा विचारही केला. इंजिन बंद पडेल याची भीती नाही वाटत. भीती आहे ती आडवी पडलेल्या गाडीची. मागच्या रविवारी सामान लादून पार्किंगमध्ये मुद्दाम आडवी केली आणि उचलून बघितली. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आली आणि परत खाली. तिसऱ्यांदा वॉचमनला हाक मारली. ही ४,००० मीटरच्या खालची गोष्ट आहे.

तर कुणाला घेऊ? आणि निवडताना बघायचं काय?

कोरडी_चेन

एकट्याने जा. सोबती म्हणजे दोघांचे मूड, दोघांची पंक्चरं आणि एकाच फोटोसाठी दोनदा थांबणं. गाडी उचलता येत नसेल तर सामान कमी करा, माणसं वाढवू नका.

पाना_बारा_तेरा

वरच्यांचं अगदीच चूक नाही, पण त्यांची गाडी हलकी असावी. (हलके घ्या.)

उशिरा_सुटलेला, तुम्ही सोबती कसा निवडायचा ते विचारताय. मी आधी दुसरंच सांगतो: त्याच्यापासून वेगळं कसं व्हायचं ते ठरवा. हे मी पुस्तकी बोलत नाही. एक अख्खा दिवस रस्त्याच्या कडेला बसून शिकलोय.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी तुमच्याच रस्त्याने गेलो. सोबत्याशी पाच महिने आधीपासून बोलणं चालू होतं. टायर कुठले, पॅनिअर अ‍ॅल्युमिनियमचे की कापडी, चेनला तेल कधी, सगळ्यावर एकमत. इतकं जमलं की वजन वाचवायला आम्ही हत्यारंसुद्धा वाटून घेतली. पाने, टॉमी (टायर उचकटायची पट्टी) आणि चेनच्या लिंका माझ्याकडे. पंप, पॅच, सोल्युशन आणि जादा ट्यूब त्याच्याकडे. तेव्हा वाटलं, काय डोकं चालवलंय आपण!

पाच महिन्यांत एक गोष्ट विचारायची राहिली: तू सकाळी उठतोस किती वाजता? साहेब उठायचे दहाला. मग गेलेला वेळ भरून काढायला गाडी पळवायची. काराकुल सोडून अक-बैताल खिंडीकडे चढत होतो. ४,६५५ मीटर, या रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड. माझं मागचं चाक डुलायला लागलं. तो पुढे, नजरेबाहेर. थांबलो. वारा असा की स्टँडवर लावलेली गाडी हलत होती. सामान उतरवलं, चाक काढलं. बीड, म्हणजे टायरची रिममध्ये घट्ट बसलेली कड, काही केल्या सुटेना. दुसरी गाडी सोबत असली तर सोपी युक्ती आहे: चाक आडवं ठेवायचं, दुसऱ्या गाडीचा साईड स्टँड टायरच्या कडेवर टेकवायचा आणि त्या गाडीचा भार त्यावर द्यायचा. फट्कन सुटतो. मी बुटांच्या टाचांनी अर्धा तास त्या टायरवर नाचलो. त्या उंचीवर दहा उड्या मारल्या की दोन मिनिटं ओणवं उभं राहावं लागतं.

शेवटी बीड सुटला, ट्यूब बाहेर आली, खिळाही सापडला. आणि भोक बुजवायला जवळ काही नाही. पंप ताशी ८० च्या वेगाने मुरगाबकडे निघाला होता.

दोन-अडीच तासांनी दोन सायकलवाले आले. पामीरला सायकलवाले पुष्कळ भेटतात, त्यांच्याकडे पॅच असतोच. सायकलचा बोटभर पॅच लावला आणि त्यांच्या वीतभर पंपाने हवा भरायला घेतली. तीनशेपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं. तिघे पाळीपाळीने भरत होतो.

मुरगाबला पोचलो तर हा अंगणात बसलेला. "मला वाटलं, फोटो काढत असशील." माणूस वाईट नव्हता, आजही आमचं बोलणं आहे. पण खोरोगला वाटण्या झाल्या, भावकीत होतात तशा. पंप त्याचा, टॉमी माझी, स्टोव्ह दोघांत एक, नकाशे त्याच्या फोनमध्ये. कोण काय घेणार यात एक संध्याकाळ गेली आणि उरलेला चांगुलपणाही गेला.

तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक गाडी एकटी निघाल्यासारखी भरायची. स्वतःचा पंप, स्वतःच्या ट्यूब, स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचे नकाशे, स्वतःची कागदपत्रं. वजन चार किलोने वाढतं, वाढू दे. मग कुठल्याही सकाळी "मी इथे दोन दिवस थांबतो, तू हो पुढे" असं दोघांपैकी कुणीही म्हणू शकतो, आणि त्यात भांडण नसतं. गंमत म्हणजे ही मुभा असली की माणसं सहसा वेगळी होत नाहीत.

आता सकाळचं. उठण्याची वेळ हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. स्वभावाचा भाग सोडा, पाण्याचा हिशोब बघा. खोरोगला मला दुसरा एक जण भेटला, गेस्टहाउसच्या अंगणात. त्याच्या गाडीला मी एक चक्कर मारली. चालू क्लच केबलला चिकटून नवी केबल आधीच ओढून ठेवलेली होती, तुटली की फक्त टोकं बदलायची. तेवढं बघून मी त्याला विचारलं, बारतांगच्या खोऱ्यात येतोस का? दोघांना मिळून कुठल्याही एका भाषेतले शंभरेक शब्द येत असतील. रुशानहून आत शिरलो. एका ओढ्याशी संध्याकाळी पोचलो तेव्हा पाणी चाकाच्या एक्सलच्या वर, दुधाळ, आणि तळात दगड गडगडताना ऐकू येत होते. हे हिमनद्यांचं पाणी, दिवसभर ऊन खाऊन वाढत जातं. अलीकडेच तंबू ठोकले. पहाटे साडेपाचला त्याच जागी पायी उतरलो तर पाणी पोटरीच्या खाली. आधी एकाने चालून बघायचं, दुसऱ्याने काठावर बूट घालून तयार राहायचं. दहाला उठणाऱ्याबरोबर हे कसं करणार?

तुमच्या चौघांबद्दल. ५०० किलोमीटरवाल्याची मला धास्ती वाटते, आणि ती त्याच्या वेगाची नाही. ओश साधारण ९६० मीटरवर, सारी-ताश ३,१०० च्या वर, काराकुल ३,९०० च्या आसपास. ओशहून निघून एका दिवसात मुरगाब गाठायची हौस असलेला माणूस तुम्हाला एका दमात ४,६५५ वर नेऊन खाली उतरवेल. तीन खंडांचा अनुभव असला म्हणून विरळ हवा कुणाला सूट देत नाही. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली की वर चढणं बंद, वाढलं तर खाली उतरायचं. हे न कुरकुरता मान्य करणारा हवा. सारी-ताशला एक रात्र जादा काढायची का, एवढंच विचारा त्याला. उत्तरावरून कळेल.

जोडप्याला मनापासून शुभेच्छा. तारखा ठरवून या रस्त्याला जात नाहीत.

६१ वाल्यांना माझं मत. कार्ब्युरेटर तिथे त्रास देणार हे खरं. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो, पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा होतो, गाडी घुरघुरते. तुमच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन असेल तर ती स्वतः जुळवून घेईल, पण ताकद तिचीही साधारण दर हजार मीटरला दहा टक्के या हिशोबाने जाणार. त्यांना विचारा, लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बरोबर घेताय का? "हो, दोन नंबरांचे" असं उत्तर आलं तर डोळे मिटून जा.

हिरवी_टाकी

पाना दादांच्या वाटण्यांना +१. माझी एक भर, कुणी बोलत नाही म्हणून.

तुमचा सोबती पडला आणि त्याला विमानाने घरी न्यावं लागलं तर त्याच्या गाडीचं काय?

माझ्या मैत्रिणीचं कॉलरबोन मोडलं. ती तिसऱ्या दिवशी विमानात. गाडी मात्र सीमेवर तिच्या नावाने तात्पुरती आयात झालेली, कागदावर मुदत घातलेली. मुदत संपायच्या आत ती गाडी देशाबाहेर गेली पाहिजे, आणि ती माझ्या नावावर नाही. मी नऊ दिवस तिथे अडकले, ती कागदपत्रं कुरियरने येईपर्यंत. निघण्याआधीच एकमेकांच्या नावाने मुखत्यारपत्र करा, नोटरी करून. मध्य आशियात जाताय तर रशियन भाषांतर जोडा. मूळ प्रत दुसऱ्याच्या गाडीत ठेवायची, ज्याची त्याने नाही. यासाठी तयार नसेल तो माणूस नकोच. कागदाला घाबरतो म्हणजे अजून "बघू" मध्येच आहे.

आणि विम्याची पॉलिसी दोघांनी एकमेकांसमोर उघडून वाचा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक सीसीवरची मोटरसायकल आणि ठरावीक उंची वगळलेली असते. ते बारीक अक्षरात असतं.

बाईमाणसाने सोबती निवडताना आणखी दहा गोष्टी असतात, त्यासाठी वेगळा धागा काढेन. एक सांगते, चाचणीची राइड दोन रात्रींची करावी. एक रात्र सगळेच गोड वागतात.

नकाशेवाला

सोबती राहू द्या, आधी रस्ता बघा. अझरबैजानने मार्च २०२० मध्ये जमिनीवरच्या आणि समुद्री सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि त्यानंतर वर्षानुवर्षं मुदतवाढ दिली आहे. विमानाने बाकूला जाता येतं, फेरीबोटीतून गाडी घेऊन उतरता येईल हे गृहीत धरू नका. निघण्यापूर्वी ताजी स्थिती तपासा. बंदच असेल तर अक्ताऊवरून कास्पियनच्या वरून वळसा: आतिराऊ, रशियात आस्त्राखान, व्लादिकावकाझ आणि व्हेर्खनी लार्सची चौकी ओलांडून जॉर्जिया. म्हणजे रशियाचा व्हिसा आला.

किर्गिझ-ताजिक सीमाही मे २०२१ पासून बंद होती, मार्च २०२५ मध्ये उघडली. या भागात हे असंच चालतं. त्यामुळे सोबत्याला हेही विचारा: वाट बंद निघाली तर रशियातून यायची तयारी आहे का, की तिथून परत? काही जणांचा त्या रस्त्याला ठाम नकार असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण तो अक्ताऊच्या धक्क्यावर कळू नये.

गोर्नो-बदख्शानचा (ताजिकिस्तानातल्या पामीरच्या प्रांताचा) परवाना प्रत्येकाने आपापला काढा. ग्रुपचा एक कागद केलात तर वाटण्या परत आल्या.

उशिरा_सुटलेला

बापरे. फेरीबोटीचं मला खरंच माहीत नव्हतं, दोन महिने त्या बोटीचे व्हिडिओ बघतोय. नकाशेवाला, खूप आभार. रशियाच्या व्हिसाची चौकशी सुरू केली.

पाना दादा, पटलं सगळं. पण पहिल्याच बोलण्यात "आपण वेगळे कसे होऊ" हे काढायचं कसं? मुलगी बघायला जाऊन घटस्फोटाचं विचारल्यासारखं वाटतं. आणि पैशांचं?

पाना_बारा_तेरा

पैशांचं सोपं आहे, टीटीएमएम. पेट्रोल, दुरुस्ती, दंड ज्याचा त्याचा. मुक्कामाचं फक्त एक सामायिक पाकीट, दोघांनी सारखे टाकायचे, संपले की परत सारखे. हिशोबाची वही ठेवू नका, वही आली की कटकट आली.

बोलायचं कसं, तर मी बोलतच नाही, लिहून पाठवतो. माझा मजकूर जवळपास असा असतो, हवा तर उचला:

"मी पहाटे पाचला उठतो, सहाला गाडी सुरू. रोज २०० ते २५० किलोमीटर, खराब रस्त्यावर १००. अंधारात चालवत नाही. पुढच्याने दर वळणफाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, अर्ध्या तासात दिसला नाही तर उलट फिरायचं. माझ्या गाडीत माझं सगळं सामान आहे, तुमच्या गाडीत तुमचं असावं. कुणालाही कुठेही वेगळं व्हावंसं वाटलं तर आदल्या संध्याकाळी सांगायचं, कारण द्यायची गरज नाही. अपवाद एकच: दुसरा आजारी किंवा जखमी असेल तर तो रस्त्याला लागेपर्यंत किंवा विमानात बसेपर्यंत थांबायचं. यातलं काय जमणार नाही ते कळवा."

हिरवी_टाकी ताईंनी सांगितल्यापासून मुखत्यारपत्राची ओळही घालणार आहे. शेवटचं वाक्य काढू नका. सगळंच जमेल म्हणणाऱ्यापेक्षा एखादी गोष्ट जमणार नाही म्हणणारा मला बरा वाटतो.

आणि उलट फिरायची ती ओळ मी त्या दिवसानंतर घातली, हे सांगायला नको.

कोरडी_चेन

एवढं लिहून घेण्यापेक्षा मी बनियन कमी नेतो आणि एकटा जातो. पण मजकूर चांगला आहे.

उशिरा_सुटलेला

चार दिवसांनी लिहितोय. तोच मजकूर माझ्या शब्दांत चौघांना पाठवला.

१२०० सीसीवाल्याचं उत्तर: सारी-ताशला रात्र घालवण्यात अर्थ नाही, आणि एवढे नियम असतील तर मजा काय. मग स्वतःच म्हणाला की आपलं जमणार नाही, दुशान्बेला गाठ पडली तर भेटू. चांगल्या शब्दांत म्हणाला.

जोडप्याने फोन केला. अर्धा तास छान बोलले आणि तारखांवरच अडले. ते आमच्या दोन दिवस आधी निघतील.

६१ वाल्यांचं उत्तर नेहमीसारखंच दोन ओळींचं आलं, तसंच देतो: "जेट आहेत, दोन नंबर. पंप आहे. चारला उठतो. मुखत्यारपत्राला हरकत नाही. रशियातून येणार नाही, दुशान्बेहून परत फिरेन. घोरतो, तंबू लांब लावा."

दुशान्बेच्या पुढे म्हणजे मी एकटा. पण तोवर डोंगर संपलेला असेल, आणि पुढच्या सपाट वाळवंटात सामान उतरवून गाडी उचलायला वेळच वेळ आहे. चाचणीच्या दोन रात्री पुढच्या शुक्रवारपासून ठरल्या.

२६ वर्षांच्या मुलाने मात्र उत्तर न देता उलट प्रश्न विचारला आहे: टॉमी ८ इंची घ्यायची की ११ इंची? त्याला काय सांगू?

पाना_बारा_तेरा

एक ११, दोन ८. आणि त्याला शुक्रवारी बोलवा. घरी एकदा मागचं चाक स्वतः काढून-घालून या म्हणावं, त्याचाच व्हिडिओ कर.